दर रविवारी एक काम

जुलै लागला की कोल्हापूरकर फुटांत बोलायला लागतो. रस्त्यात कुणी गाडी थांबवून "काय, कितीवर आलंय?" म्हणून विचारलं, तर तो तुमच्या शुगरची चौकशी करत नसतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं, एवढंच त्याला हवं असतं. ३९ म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. मग राधानगरी धरणाच्या सातांपैकी किती दरवाजे उघडले यावर चर्चा होते, आणि चर्चा संपली की सगळे गाड्या काढून पूर बघायला जातात. तिथं भाजलेलं कणीस खातात.

आमचं घर उंचावर आहे, त्यामुळं २०१९ पर्यंत मीही कणीस खाणाऱ्यांतलीच. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि पुण्याकडचा रस्ता कितीतरी दिवस बंद झाला. दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलपंपावर दोरी बांधलेली. त्यात नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं नळ कोरडे. म्हणजे गावभर पाणी आणि आमच्या घरात चूळ भरायला नाही! टँकर आला तेव्हा मी गाऊनवर ओढणी टाकून दोन कळश्या घेऊन पळत होते. संक्रांतीला मला अदबीनं वाण देणाऱ्या शेजारच्या काकूंनी मला कोपरानं बाजूला सारलं. मीही त्यांच्या पायावर कळशी ठेवली. आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही.

दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेच झालं. तेव्हाच ठरवायला हवं होतं, पण पाणी उतरलं की आमचं डोकंही कोरडं होतं. शेवटी २०२४ च्या पाडव्याला मी जाहीर केलं, की आता घर तयार ठेवायचं. एकदम काही नाही. दर रविवारी एक काम, फार तर शे-दोनशे रुपयांचं. पावसाळ्यापर्यंत आपण कुणावर अवलंबून असणार नाही.

"हे सगळं होतं की घरात," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

होतं, हे खरंच. पत्र्याची कोठी होती, तीत वर्षाचा गहू मावायचा. पंपाचा स्टोव्ह होता, दोन कंदील होते, तांब्याचा बंब होता, रांजण होता. घर नवं बांधलं तेव्हा 'अडगळ' म्हणून मीच हे सगळं भंगारवाल्याला किलोवर घातलं आणि आलेल्या पैशांत नॉनस्टिक तवा घेतला. तो तवा आता भंगारात जायच्या लायकीचा झालाय. आत्याबाईंनी त्या दिवशी एक शब्द काढला नव्हता. तो शब्द त्या गेली सोळा वर्षं हप्त्याहप्त्यानं काढतात.

पहिला रविवार मटणात गेला. कोल्हापुरात रविवारी दुसरं काही ठरवणाऱ्यानं स्वतःची कीव करावी. तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर माणूस फक्त आडवा होण्याच्या तयारीत असतो. दुसऱ्या रविवारी मात्र मी पाण्याचा हिशोब केला. माणशी दिवसाला १५ लिटर धरलं, तर चार माणसांचं तीन दिवसांचं १८० लिटर. म्हणून २०० लिटरचं निळं बॅरल आणलं, मागच्या गॅलरीत ठेवलं आणि पाइप लावून काठोकाठ भरलं. भरल्यावर लक्षात आलं की ते वॉशिंग मशिनच्या दारासमोर आहे. २०० लिटर म्हणजे २०० किलो. हे आणि चिरंजीव दोघांनी मिळून ते ढकललं, तेव्हा बॅरल तसूभरही हललं नाही; ह्यांच्या कमरेत मात्र काहीतरी हललं. तीन दिवस आम्ही कपडे हातानं धुतले. स्वयंपूर्णतेकडं पहिलं पाऊल म्हणून मी त्याची नोंद केली.

पुढच्याच आठवड्यात डासांच्या अळ्या तपासणाऱ्या ताई आल्या. बॅटरी मारून त्यांनी बॅरलमध्ये डोकावलं आणि मला आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगितलं. सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, पुसायची. मी म्हटलं, अहो, हे आणीबाणीचं पाणी आहे. त्या म्हणाल्या, डेंग्यू झाला की तीही आणीबाणीच. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी शनिवारी २०० लिटर पाणी झाडांना, जिन्याला आणि ह्यांच्या गाडीला घालते आणि रविवारी नवं भरते. आमच्या जिन्याइतका स्वच्छ जिना पेठेत नाही.

खाण्याच्या डब्याचं मी फार मन लावून केलं होतं. भडंग, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, गूळ-फुटाणे. डब्यावर चिठ्ठी लावली, 'फक्त आणीबाणीत उघडणे'. पुढच्या रविवारी तपासला तर तळाला खजुराच्या चार बिया. चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, "रात्री साडेअकराला भूक लागली की आणीबाणीच असते, आई." पुन्हा भरला, पुन्हा संपला. शेवटी मी त्यात नुसतं मेतकूट आणि नाचणीचं पीठ भरलं. आमच्या घरात खरी आणीबाणी आल्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही.

कागदपत्रांची पिशवी केली. रेशनकार्ड, विम्याचे कागद, घराचं प्रॉपर्टी कार्ड, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कापडी पिशवीत घातलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं. पळायची वेळ आली की हाताला लागली पाहिजे. ती ह्यांच्या हाताला लागली, आणि हे तीच घेऊन मंडईत गेले. प्रॉपर्टी कार्डाला अजून मेथीचा वास येतो.

मग कंदील. मी विकलेला कंदील किती रुपयांना गेला ते सांगत नाही, पण फोनवरून मागवलेला त्याच्या वीसपट पडला. खोकं उघडलं, तर काच नाही, वात नाही, रॉकेल घालायला भोक नाही. आत एलईडी, आणि खाली तीन सेल घालायची जागा. आत्याबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हणजे अंधारात ह्याला आधी बॅटरी लावून शोधायचं," त्या म्हणाल्या. सेल आणले. चार दिवसांनी ते ह्यांच्या बीपीच्या मशिनमध्ये होते. हे म्हणाले, तुझी तयारी बघून बीपी वाढतंय का ते तपासत होतो.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली, असं मला वाटलं होतं. गहू. मागची अडगळीची खोली रिकामी केली, फळ्या ठोकल्या, चुना मारला, आणि खपली गव्हाचं ५० किलोचं पोतं आणलं. आत्याबाईंनी स्वतः बसून गव्हाला एरंडेल चोळलं. डाळींच्या डब्यांत बिब्बे टाकले. वर्षाची चटणी बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवले. एरवी गुडघ्याचं नाव घेणारी ही बाई त्या दिवशी मांडी घालून तीन तास बसली आणि उठताना माझा हातही मागितला नाही. "मी काय म्हणतो, कोठी असती तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. म्हणजे हप्ता चुकला नाही.

किडे लागले नाहीत. उंदीर लागला.

कोठी का असते, ते मला तेव्हा कळलं. पत्रा उंदराला कुरतडता येत नाही. माझं पोतं त्यानं खालच्या कोपऱ्यात असं सुबक उघडलं, की शिंप्यानं बघून शिकावं. गहू रोज थोडाथोडा सांडायचा. मी भोक शिवलं, त्यानं दुसरं पाडलं. पोतं स्टुलावर ठेवलं, तर स्टूल चढला. पिंजरा आणला आणि त्यात चपातीचा तुकडा लावला. एरंडेलाचा खपली खाणारा तो, चपातीकडं ढुंकूनही बघेना. खोबरं लावलं, खोबरं गेलं, पिंजरा उघडाच. ऑफिसात मला विचारायला लागले, मॅडम, झोप होत नाही का? कशी होणार? आणीबाणीच्या साठ्यावर माझ्या घरात एकच जण जगत होता, आणि त्याला मी रात्री दीडदीड वाजता चप्पल घेऊन शोधत होते.

जुलैच्या शेवटी पाणी ४३ च्या वर गेलं. संध्याकाळी गल्लीतली लाईट गेली. आली! ज्याच्यासाठी पंधरा रविवार घालवले ती वेळ आली. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता. कंदील काढला, सेल नाहीत. बॅरलकडं गेले; वार शनिवार, बॅरल कोरडं. मेणबत्त्या होत्या, पण काड्यापेटी देवघरातून शोधावी लागली. पिंजऱ्यात मात्र त्या दिवशी मी हुकमी एक्का लावला होता, गरम कांदाभजं. खोलीच्या दारात दबा धरून बसणार, तेवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला.

ह्यांचा शाळेतला मित्र. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत त्याचं मूर्तींचं काम आहे. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं आणि गणपती महिना-सव्वा महिन्यावर. २०१९ ला त्याची वर्षाची कमाई पाण्यात विरघळली होती, म्हणून यंदा त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं होतं. "वहिनी, कोरडी खोली आहे म्हणे तुमच्याकडं."

माझ्याकडं कोरडी, चुना मारलेली, फळ्या ठोकलेली खोली होती. दोन तास आम्ही मेणबत्तीच्या उजेडात गणपती वर चढवत होतो. एक्केचाळीस. चिरंजीव, जो स्वतःचं ताट उचलत नाही, तो एकेक मूर्ती तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून जिना चढत होता. फळ्यांवर गणपती, स्टुलावर गणपती, गव्हाच्या पोत्याला टेकून तीन गणपती. मूर्ती खाली ठेवली की मित्र तिच्या सोंडेवरून अलगद बोट फिरवून बघायचा, कुठं टवका उडालाय का. नाचणीचं पीठ त्या रात्री उघडलं. आंबील करून सगळ्यांनी प्यायली, मित्रानं दोन वाट्या जास्त घेतली.

सगळं लावून झाल्यावर आत्याबाई काठी टेकत बघायला आल्या. मेणबत्ती वर धरून त्यांनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावर येऊन थांबली.

"हे काढ आधी इथनं," त्या म्हणाल्या.

"अहो आत्याबाई, आज भजं लावलंय. आज सापडणार तो."

"त्याचा मालक आलाय घरात. एक नाही, एक्केचाळीस. आणि त्यांच्यासमोर तू त्याला पकडणार?"

ह्यांनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "आई, अजून डोळे काढायचे आहेत मूर्तींचे. त्यांना काय दिसतंय?"

"डोळे नसले म्हणून काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या. "कान बघ की केवढाले आहेत."

मी पिंजरा उचलला. भजं आधीच गेलं होतं.