वासाचे आठ हजार

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांब लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

आमच्या मावसभावानं होटगी रोडचा फ्लॅट महिन्याच्या सुरुवातीला सोडला. किल्ली दिली, लाइट बिल भरलं, खिळे उपटून भोकांत पुट्टीसुद्धा भरली पोरानं. त्यानंतर तीन आठवडे फ्लॅट कुलूपबंद. आणि आज डिपॉझिट परत देताना मालकांनी ३० हजारांतले ८ हजार कापले. कारण काय, तर "वास मारतोय घरात. तुमच्या नॉनव्हेजचा. सगळा रंग नव्यानं द्यावा लागणार."

पोरगं आठवड्यातले सहा दिवस मेसचा डबा खातं! रविवारी अंडी फोडली तर फोडली.

मी म्हटलं, चल, मीच येते वास घ्यायला. दार उघडल्या उघडल्या ओळखला. नासक्या अंड्यासारखा, गटारीचा वास. आता मटणाचा वास कसा असतो हे सोलापूरच्या माणसाला मी शिकवायचं का? रविवारी सकाळी दुकानापुढं रांगेत उभे असतात की सगळे.

ओळखला, कारण या वासानं मला दोन महिने छळलंय. २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही जुळे सोलापुरात भाड्यानं राहायला आलो. फ्लॅट दोन महिने रिकामा होता. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावून सांगितलं, "आधीची बाई सुकट-बोंबील करायची ना, मुरलाय वास." झालं. मला कारण मिळालं. मग मी काय काय केलं ते विचारू नका. कापूर जाळला, धूप फिरवला, कडुलिंबाचा पाला टांगला. खायच्या सोड्याच्या वाट्या कोपऱ्याकोपऱ्यात मांडल्या, त्यातली एक लेकीनं सांडली. व्हिनेगरनं ओट्याच्या टाइल्स पुसल्या. चिकटपणा निघाला, वास तिथंच. सासूबाईंनी तर बाथरूममध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली आणि वर ॲसिड ओतलं! क्लोरीनच तयार झाला की. डोळे चुरचुरायला लागले, सगळे खोकत गॅलरीत पळालो. हे दोन कधीही एकत्र करू नका, बाकी पोस्ट नाही वाचली तरी चालेल.

आणि गंमत म्हणजे वास स्वयंपाकाच्या वेळीच जास्त यायचा. त्यामुळे माझी खात्रीच पटली. खालच्या मजल्यावर, भाजीवाल्यापाशी, भिशीत, सगळीकडे मी त्या न पाहिलेल्या बाईचा उद्धार करत सुटले. काय घाणेरडी असतात माणसं, वगैरे.

मग एका दुपारी ती बाई दारात. तिच्या नावाचं टपाल आमच्याकडं आलं होतं, ते न्यायला. पाणी दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं आणि जाता जाता विचारलं, "वास गेला का ओ? आम्ही चार वर्षं हैराण होतो. मालक म्हणायचे, तुमच्या आधी राहणाऱ्यांचा आहे."

मी "हो, आहे जरासा" एवढंच म्हणाले. ती सुकट करायची की नाही, ते विचारायची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात नळाचा वॉशर बदलायला प्लंबर आला. ड्राय बाल्कनीत जाऊन त्यानं आमचं पाण्याचं २०० लिटरचं बॅरल सरकवलं. खाली जाळी. जाळी काढून बोट घातलं आणि म्हणाला, "ताई, नहाणी ट्रॅप खडखडीत कोरडा हाय. दोन बादल्या पाणी ओता." बस्स.

त्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या भांड्यात, कायम थोडं पाणी राहावं लागतं. खालच्या पाइपातला गॅस वर येऊ नये म्हणून ते पाणी म्हणजे बूचच. ते वाळलं की गटार थेट घरात. आपल्याकडं चाळिशीच्या वर पारा गेला की कितीसे दिवस लागणार वाळायला? त्यात पाणी चार-पाच दिवसांआड, मग बादलीनं फरशी धुतो कोण, ओल्या फडक्यानं पुसतो. आणि बॅरल ठेवायला जागा तीच, जाळीवर. आधीच्या बाईनंही तिथंच ठेवलं असणार, मीही तिथंच ठेवलं. २०० लिटर पाणी वर आणि खाली ट्रॅप कोरडा! स्वयंपाकाला लागलं की मी एक्झॉस्ट लावायचे, तो घरातली हवा बाहेर फेकायचा आणि तिच्या बदल्यात थोडी हवा त्या पाइपातनंही आत खेचायचा. म्हणून फोडणी पडली की वास. बोंबील नाही, पंखा!

आता दर पाणी आलं की तिथं तांब्याभर ओतते. सुट्टीला गावी जाताना वर चमचाभर गोडंतेल सोडते, त्याचा तवंग राहतो आणि पाणी लवकर वाळत नाही.

पण माझ्या मनातनं जे जात नाही ते वेगळंच. मी बिल्डिंगमध्ये कुणालाही सांगितलं नाही की वास ट्रॅपचा होता. "गेला बाई एकदाचा" एवढंच म्हटलं. आमच्याकडं ती अजून बोंबीलवालीच आहे. तिचा नंबरही घेतला नाही मी.

आणि म्हणून आज त्या मालकांचा जास्त राग आला. "व्हेज की नॉनव्हेज" हा प्रश्न स्वयंपाकाबद्दल नसतो, आडनाव विचारायची ती पद्धत आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. घर देताना तेच विचारायचं, आणि पैसे कापतानाही तेच पुढं करायचं. ड्रेनेज तपासायचं नाही, ट्रॅप बघायचा नाही, कोनाड्यातली ओल बघायची नाही. वास आला की माणूस शोधायचा.

मान्य, काही भाडेकरू खरंच घाण करून जातात. घरात सिगारेटी ओढणाऱ्यांचा वास भिंतींना चिकटतो, नुसता रंग फासला तर महिन्याभरात परत बाहेर येतो. आधी भिंत साबणाच्या पाण्यानं धुवावी लागते, वर ऑइल प्रायमर. त्याचे पैसे घ्या की, कोण नाही म्हणतंय? पण ट्रॅप कोरडा असताना ८ हजारांचा रंग दिला तरी नव्या रंगाच्या घरात जुनंच गटार. आणि पुढच्या भाडेकरूला सांगतील, आधीच्या पोराचा आहे.

आज तिथंच पाणी ओतून दाखवणार होते, पण वरचा कॉक बंद, नळाला थेंब नाही आणि मालक घाईत. उद्या अकराला परत जाणार आहोत. दोन बादल्या ओतायच्या, खिडक्या तासभर उघड्या टाकायच्या आणि मग मालकांनाच वास घ्यायला आत बोलवायचं. पोरगं म्हणतंय, "जाऊ दे ना ताई, कशाला वाद?" त्याला म्हटलं, तू गप बस बे.

बादली मी घरून नेणार आहे. पाणी मात्र त्यांच्या टाकीतलं घेणार, उद्या आमच्याकडं नळाचा दिवस नाही.