दादांसाठी मोफत मार्गदर्शन

घरात बारावीला बहीण आहे आणि तुम्ही तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे आहात? अभिनंदन. आजपासून तुम्हाला काम मिळालं. पगार नाही, पण तसा तो तुम्हाला आत्ताही नाही.

आधी गाडी. पेट्रोलचे पैसे आईच्या पाकिटातून. सायलेन्सर असा बसवून घ्या की दोन गल्ल्या आधीच कळलं पाहिजे, रक्षणकर्ते निघालेत.

सोबत दोन मित्र हवेतच. त्यातला एक तुमच्या बहिणीला इन्स्टावर रोज रात्री 'जेवलीस का' विचारतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो घरचाच आहे.

आता मुख्य कामगिरी. बहीण एखाद्या मुलाशी बोलताना दिसली, तर तो काय बोलतोय ते ऐकायच्या भानगडीत पडू नका. ऐकलं की पंचाईत होते. परवा इथे बार्शीत, क्लासच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानासमोर वर्गातला एक मुलगा मला माझं केमिस्ट्रीचं जर्नल परत देत होता. त्याचे शब्द असे होते: "सातव्या सॉल्टमध्ये तू कॅटायनच चुकवलायस." एवढाच रोमान्स. दादाने हे ऐकलं असतं तर कॅटायन म्हणजे काय ते विचारावं लागलं असतं, म्हणून त्याने आधी कॉलर धरली. "कोण रे तू? कुठला? आडनाव काय?" आडनाव विचारायला विसरू नका हं. नुसत्या नावाने भागत नाही. किती मारायचं ते आडनावावर ठरतं. पोराने सांगितलं. मग दोन कानाखाली बसल्या, चष्मा गटारात गेला, जर्नल हिसकावून दादाने शर्टात कोंबलं आणि मला म्हणाला, "बस गाडीवर." झेरॉक्सवाल्या काकांनी मशीनसुद्धा थांबवलं नाही. एकाने व्हिडिओ काढला. आम्ही घरी पोचायच्या आत आईला दोन मावश्यांचे आणि एका आत्याचे फोन येऊन गेले होते. मुलगा जर्नल देत होता असं एकीनेही सांगितलं नाही. 'पोरीचं काहीतरी आहे' असं सांगितलं. जे नव्हतंच ते दादाने दहा मिनिटांत गावभर करून दिलं. आणि हा अब्रू वाचवायला आला होता! बरं, शिक्षा कुणाला? माझा क्लास आठवडाभर बंद. माझा फोन आईच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली. दादा संध्याकाळी कट्ट्यावर, वडापाव खात, परत तीच गोष्ट सांगतोय. (हे मी मैत्रिणीच्या फोनवरून लिहितेय. घाईत आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

बहिणीचा फोन तपासताना 'लपवण्यासारखं काही नसेल तर दाखव' म्हणा. स्वतःचा पालथा ठेवा.

राखीचा उपाय जुना असला तरी खात्रीचा. ज्याचा संशय येईल त्याला नारळी पौर्णिमेला घरी बोलवून बहिणीसमोर पाटावर बसवा. माझे असे तीन भाऊ झालेत. एकानेही ओवाळणी टाकलेली नाही.

तुमचं स्वतःचं प्रकरण असेल तर ते वेगळं. ते खरं प्रेम असतं. आमच्या दादाचंही आहे. तिच्या घरी फोन तिचा भाऊ उचलतो, म्हणून लावायचा मी. "मी तिची मैत्रीण बोलतेय, जरा तिला देता का?" मग फोन दादाच्या हातात आणि मी जिन्यात राखणीला. तिच्या भावाबद्दल दादाचं मत असं: "लय मागासलेला माणूस आहे. बहिणीवर विश्वासच नाही." हे वाक्य मी तारीख घालून लिहून ठेवलंय. परवापासून ही सेवा बंद आहे, कारण फोन पैठणीखाली आहे. त्याच्या ते अजून ध्यानात आलेलं नाही.

विरंगुळा म्हणून 'सैराट' बघा. 2016 मध्ये दादाने तो पाच वेळा बघितला आणि पाचही वेळा रडला. 'झिंगाट' अजून रिंगटोनला आहे. त्यात भाऊ आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन आर्चीच्या घरी येतो, ती चहा करते आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्या भावाचं काय, असं मी विचारलं. "तो येडा होता. मी काळजी करतो."

काळजी. 5 डिसेंबर 2021 ला वैजापूर तालुक्यातल्या लाडगावात 19 वर्षांच्या मुलीकडे आई आणि भाऊ असेच आले होते. तिने आपल्या मर्जीने लग्न केलं होतं, पोटुशी होती. माहेरची माणसं आली म्हणून ती चहा टाकायला आत गेली आणि भावाने कोयत्याने तिचं मुंडकं उडवलं. तो सिनेमा नव्हता. आणि जामखेड तालुक्यातलं खर्डा गाव तर आपल्याला किती जवळ. तिथे 28 एप्रिल 2014 ला 17 वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला लटकवलं. गावातल्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा ठपका. साक्षीदार एकामागून एक फिरले आणि 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. शिकत होता तो. त्यालाही आडनाव होतं.

मी तुला त्यांच्या रांगेत बसवत नाहीये, दादा. पण कॉलर धरताना तुझा हात थरथरत नव्हता, ते मी बघितलं. तुला मजा येत होती. काळजी करणाऱ्याचं तोंड तसं नसतं.

स्टँडवर एक माणूस मुद्दाम धक्का देऊन जातो, हे मी तुला गेल्या दिवाळीत सांगितलं होतं. तेव्हा कुठे होती रे तुझी गाडी आणि ते दोन मित्र? "तू तिकडून जात जाऊ नको," म्हणालास. तो पन्नाशीचा आहे, अंगाने दांडगा आहे. हा चष्म्यातला, पन्नास किलोचा. हिशेब कळतो मला, सायन्सला आहे मी.

आता जर्नल दे. तुझ्या कपाटात नाहीये, मी बघितलं. सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत आणि केमिस्ट्रीच्या 100 मधले 30 तिथलेच असतात. त्या पोराचा चष्मा भरून दे, आईच्या पैशांतून नाही. आणि घरी जाऊन माफी माग त्याची. पत्ता विचारत फिरायला नको, आडनाव त्याने सांगितलंच आहे तुला.