मांजर केवळ मतलबी असते काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मांजराच्या विश्वासाच्या खुणांवरील माझ्या लेखावर आपण खानापूर तालुक्यातून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे की, कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे. ते पायांत घोटाळते ते दुधासाठी, मासळीचा वास आला की शेजाऱ्याच्याही पायांत घोटाळते, आणि त्याला माया म्हणणे ही बेळगावात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची हौस आहे. यातील निरीक्षणे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही.

मांजराच्या गालांवर, कपाळावर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. अंग घासताना ते आपला वास समोरच्याला लावते. एकत्र राहणारी, एकमेकांशी पटणारी मांजरेही शेपटी उभी धरून एकमेकांना असेच घासतात आणि तिथे दुधाचा काही संबंध नसतो. जेवणाच्या वेळी हे घासणे वाढते, हे खरेच. म्हणूनच मांजराची परीक्षा त्याचे पोट भरलेले असताना करावी. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खाऊ पुढे न करता केवळ डोळे हळूहळू मिटून-उघडून पाहिले, तेव्हा मांजरांनीही तसाच प्रतिसाद दिला. अनोळखी माणसाने तसे केले तरी, तो निर्विकार चेहऱ्याने बसला असता त्यापेक्षा, मांजरे त्याच्या हाताजवळ अधिक आली.

माणसाविषयीच्या ओढीचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे पाळणाऱ्यासोबत, दोन मिनिटे एकटे आणि पुन्हा दोन मिनिटे त्याच्यासोबत ठेवण्यात आले. सुमारे 64 टक्के पिल्ले माणूस परतल्यावर त्याला भेटून निर्धास्त झाली आणि पुन्हा खोली हुंगू लागली. हे निष्कर्ष 2019 सालचे. त्याआधी 2015 साली इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र 20 मांजरांमध्ये अशा ओढीचा पुरावा आढळला नव्हता. आपल्या बाजूचा हा पुरावा मी दडवू इच्छित नाही. तरीही भीतीच्या जागी मांजर कोणाकडे वळते, ही कसोटी मला मासळीच्या कसोटीपेक्षा अधिक खरी वाटते. (गुरगुरण्यावर मी फारसा भर देत नाही, कारण दुखणाईत मांजरही गुरगुरते.)

आता आपल्याकडच्या मांजरांविषयी. माणसाची सवय लागण्याचा मांजराचा मुख्य काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. खानापुरात भाताच्या राशीसाठी आणि निपाणी-चिकोडीकडे कोठारासाठी जी मांजरे ठेवतात, ती उंदरांसाठी ठेवलेली असतात. त्यांची पिल्ले माळ्यावर किंवा गंजीआड जन्मतात, आई त्यांची जागा बदलत राहते आणि ती आपणहून खाली उतरतात तोवर हा काळ बहुतांशी सरलेला असतो. पुढे असे मांजर माणसाशी बेताचेच नाते ठेवते. फ्लॅटमधील पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून कोणाच्या तरी हातात असते. आपण आणि मी पाहिलेल्या मांजरांत जो फरक आहे, तो मला या आठवड्यांचा वाटतो; जातीचा स्वभाव म्हणून त्याकडे पाहणे मला पटत नाही.

शिवाय आपणच जाता जाता लिहिले आहे की, गेल्या पावसाळ्यात आपल्या मांजरीने पिल्ले एकेक करून तोंडात धरून आपल्या आईंच्या अंथरुणाशेजारी आणून ठेवली. ऊब गोठ्यातही होती, आडोसा परड्यातल्या खोपीतही होता. व्यालेली मांजरी पिल्लांच्या बाबतीत किती संशयी असते हे आपण जाणता. तिने आईंची जागा निवडली, याला निव्वळ मतलब म्हणणे मला जड जाते.

पुढच्या वेताला एक करून पाहावे. मांजरीला चालत असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून त्यातील एक-दोन पिल्ले रोज थोडा वेळ हाताळावीत, मात्र त्या वेळी खायला काही देऊ नये. दूध तर एरवीही बेतानेच द्यावे, कारण वाढलेल्या अनेक मांजरांना ते नीट पचत नाही. ती पिल्ले मोठी झाल्यावर आपण बाहेरून घरी येता तेव्हा त्यांची शेपटी कशी असते आणि न हाताळलेल्या भावंडांची कशी असते, ते कळवावे. मासळी शिजत असतानाचे वागणे तेवढे त्यात धरू नये.