रणगाड्याला मुरड

ज्या वस्तीचे नावच लश्कर आहे, तिथे राहणाऱ्या माणसाने रणगाडे बाळगले तर त्यात नवल वाटू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी छावणी टाकली, तिचेच पुढे शहर झाले. आमच्याकडचे कंपू, जिन्सी हे मोहल्लेही नावाने फौजेतलेच. माझी फौज मात्र जेवणाच्या टेबलावर मावते, कारण ती एकास पस्तीस या प्रमाणातल्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींची आहे, आणि जेवणाची वेळ झाली की तिला माघार घ्यावी लागते.

यंदा मे महिन्यात मी दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत बनावटीचा टी-३४ रणगाडा जोडायला घेतला. जोडून झाल्यावर लक्षात आले की, पत्र्यांचे सांधे साबणदाणीच्या कडेसारखे गुळगुळीत आहेत. खऱ्या रणगाड्यावर पंचेचाळीस मिलीमीटर जाडीचे पोलादी पत्रे वेल्डिंगने सांधलेले असतात आणि सांध्यावर खवल्याखवल्यांची वळी उठलेली असते. दोन सेंटीमीटर रुंदीची वळी माझ्या प्रमाणात अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर भरते. हे ज्याला दिसत नाही तो सुखी माणूस होय. मला ते दिसले आणि झोप उडाली.

नमुना पाहावा म्हणून एका संध्याकाळी मी जिन्सी नाल्याजवळच्या एका वेल्डरच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्याने फाटकाचा सांधा जोडला आणि मी वळीचे खवले मोजू लागतो न लागतो, तोच ग्राइंडर फिरवून ती सपाट करून टाकली. मी कळवळलो. ‘‘बाबूजी, गेट बनवाना है क्या?’’ त्याने विचारले. जी शिवण तो लपवण्याचे पैसे घेतो, तीच उठवण्यासाठी मी रात्री जागवतो, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार!

पहिला प्रयोग प्लास्टिकच्या तारेचा. संचातले भाग ज्या चौकटीला लगडलेले असतात, तिची काडी मेणबत्तीवर धरायची, ती लोंबू लागली की ज्योतीपासून दूर नेऊन ओढायची. केसासारखी तार निघते. सांध्यावर खाच कोरून त्यात ती पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने, चिकटवायची आणि मऊ झाली की पात्याने खवले दाबायचे. पंखा चालू ठेवला तर तार उडते आणि बंद केला तर कपाळावरचा घाम थेट रणगाड्यावर पडतो. दुसऱ्या रात्री सिमेंट अंमळ जास्त झाले. तार विरघळलीच, सोबत डाव्या अंगाचा पत्राही पिठल्यासारखा झाला.

मग इपॉक्सी पुट्टी आणली. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, पावडर लावून दोऱ्याइतकी बारीक वळी वळायची आणि घट्ट होण्याआधी खाचेत बसवायची. परंतु उन्हाळ्यात ही पुट्टी भलतीच लवकर आवळते, आणि माझ्या वळ्या कुठे दोऱ्यासारख्या, तर कुठे गांडुळासारख्या होत.

आत्या बराच वेळ पाहत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याने घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचे गव्हले वळले आहेत. ‘‘अरे, तळव्याने काय रगडतोस? आण इकडे,’’ असे म्हणून तिने पाट पालथा घातला, बोट पाण्यात बुडवले आणि बोटाच्या पेराने अशी वळी काढली की मी थक्क झालो. खवले कसे हवेत हे मी सांगू लागलो, तर ती म्हणाली, ‘‘करंजीची मुरडच की ही!’’ सुईच्या बोथट टोकाने तिने अर्ध्या तासात डावी बाजू मुरडून दिली.

मुरड अप्रतिम होती, आणि तिथेच घोटाळा झाला. मी करत होतो स्टालिनग्राडच्या कारखान्यातला रणगाडा. घाईत, हाताने वेल्ड केलेला, ओबडधोबड. आत्याची शिवण पट्टीने आखल्यासारखी. अशी एकसारखी शिवण शोभते ती निझनी तागिलच्या रणगाड्याला. खारकोव्हचा कारखाना १९४१ साली उरलमध्ये तिथे हलवला आणि वेल्डिंगतज्ज्ञ येव्हगेनी पातोन यांच्या संस्थेने तिथे स्वयंचलित वेल्डिंगची यंत्रे बसवली. ‘‘आत्या, जरा वाकडे कर,’’ असे मी अजिजीने म्हणालो. ‘‘वाकडी मुरड माझ्या हातून व्हायची नाही. करंजी तळणीत फुटते,’’ असे तिने ठणकावले.

तेव्हा मी मुकाट्याने रणगाड्याचा कारखानाच बदलला. अडचण एवढीच, की रबराच्या टंचाईमुळे स्टालिनग्राडला बसवत तशी पोलादी धावेची चाके मी आधीच पक्की चिकटवली होती. आता माझ्या रणगाड्याची चाके व्होल्गाकाठची, शिवण उरलची आणि मुरड लश्करची आहे.

उजवी बाजू झाल्यावर आत्याची नजर वरच्या बुरुजाकडे गेली. हा ओतीव बुरूज आहे, याच्या भिंती साच्यातून एकसंध निघतात, त्यांना वेल्डिंग नसते, असे मी परोपरीने समजावले. ‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि मी चहा टाकायला आत गेलो. परत येईपर्यंत झाकणाच्या कडेने अर्धी मुरड घालून झाली होती.