‘सेपांग एअरपोर्टला लागूनच आहे’ म्हणणाऱ्यांनो, कुठं लागून आहे बे?

सोलापूरच्या पार्क चौकात चहाच्या गाड्यावर मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल रेसच्या जागतिक स्पर्धेचा, विषय निघायचा अवकाश, मलेशियातल्या सेपांग सर्किटबद्दल एक जण हमखास बोलतोच: "सेपांगला जायला काय लागतंय? व्हिसा नाही, सर्किट एअरपोर्टला लागूनच." नकाशावर दोन बोटं ठेवली म्हणजे लागून झालं का? अंतर दहा-एक किलोमीटर आहे आणि सर्किटला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन सलक टिंगी, तिथून पुढं परत टॅक्सी. त्यात गंमत बघा, क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनहून २८ मिनिटांत एअरपोर्ट गाठणारी फास्ट गाडी सलक टिंगीला थांबतच नाही. त्यासाठी ट्रान्झिट नावाची दुसरी गाडी. रूळ तोच, तिकीट वेगळं. फास्टचं महागडं तिकीट काढून डोळ्यांदेखत स्टेशन मागं जाताना बघायचं असेल तर खुशाल बसा.

पण जाण्याचं काही नाही हो, खरी बोंब येण्याची. रेस रविवारी तिथल्या तीन वाजता, म्हणजे आपल्याकडं साडेबारा. रेस चाळीस मिनिटांची. मग शहाणे लोक हिशोब करतात: पावणेचारला संपली, एअरपोर्ट बाजूलाच, सातचं विमान आरामात मिळतंय. मिळतंय कसलं! झेंडा पडला की सगळी गर्दी एकाच वेळी गेटकडं निघते. मोबाईलचं नेटवर्क बसतं, अ‍ॅपवरची टॅक्सी दाखवते "चार मिनिटं" आणि ड्रायव्हर आत येऊच शकत नाही, कारण त्याच रस्त्यानं बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. पार्किंगमधून निघायलाच दीड-दोन तास धरा. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. आता करा वजाबाकी. वर दुपारचा पाऊस. २०१२ ला तर पावसानं रेस मधेच थांबवली ती परत सुरूच झाली नाही. रात्री अकराच्या आधीचं विमान घेऊ नका, आणि सोमवारचं घेतलं तर डोक्याला तापच नाही.

ऊन म्हटलं की आपली छाती फुगते. "आम्ही ४४ डिग्री बघितलेली माणसं." अहो, सोलापूरचं ऊन कोरडं, घाम येतो तसा वाळतो. तिथं पारा ३२-३३ च, पण हवा इतकी दमट की शर्ट अंगाला चिकटला तो चिकटलाच. चार पैसे वाचवायला उघड्या टेकडीवरचं तिकीट घेणारे शनिवारच्या स्प्रिंटलाच, म्हणजे छोट्या रेसलाच, गळतात. छप्पर असलेल्या स्टँडचंच तिकीट घ्या आणि त्याची पीडीएफ आदल्या रात्री मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. गेटवर नेट चालेल या भरवशावर राहू नका.

आता सोलापूरचा भाग. तिकडचं विमान सहा महिने आधी काढता येतं, आपली रेल्वे मात्र ६० दिवस आधी. म्हणजे विमान पक्कं, रेल्वे वेटिंगला. आणि ऑनलाईन काढलेलं वेटिंग तिकीट चार्टनंतरही वेटिंगच राहिलं की आपोआप रद्द. त्यावर गाडीत चढता येत नाही. मग रात्री ट्रॅव्हल्स शोधत फिरा. होटगी रोडच्या विमानतळावरनं आता मुंबईला विमान सुटतं, त्याच्यासाठी २०२३ ला साखर कारखान्याची वाटेत येणारी चिमणी पाडली, सगळं खरं. पण ते तिकीट वेगळ्या पीएनआरवर असतं. ते उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी हात वर करते. कायद्यानं तिचं चुकत नाही, आपलं चुकतं. मुंबईचा हट्ट कशाला? हैदराबाद सव्वातीनशे किलोमीटर, रस्ता सरळ, क्वालालंपूरला थेट विमान. पण नाही, "फॉरेन म्हणजे मुंबई" हे डोक्यात घट्ट बसलंय.

तारखांचा तर आनंदच आहे. २०२४ ला सेपांगची रेस ३ नोव्हेंबरला, त्याच दिवशी भाऊबीज. बहिणीला काय सांगायचं, रायडर बन्याया पडला तर बघायचं राहील?

"मग बुरीराम कर," म्हणतात, म्हणजे थायलंडची रेस. बँकॉकपासून चारशे किलोमीटर! आपलं विमान उतरतं बहुतेक सुवर्णभूमीला आणि पुढची स्वस्त विमानं सुटतात डॉन मुआंगहून. दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना, मधल्या ट्रॅफिकला चार तास सोडले नाहीत तर गेलं. हॉटेलं आधीच भरतात, मग पन्नास किलोमीटरवरच्या सुरीनला मुक्काम आणि पहाटे उठून बस. दोन्ही देशांत उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाईन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, फुकट! सर्चमध्ये वर दिसणाऱ्या साईटवर पैसे भरणारे महाभाग तरी दरवर्षी निघतातच.

इटलीतल्या मुजेलो सर्किटचं नाव काढणाऱ्यांनी आधी युरोपच्या शेंगेन व्हिसाचा फॉर्म बघावा. ९० युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत नाही. ३०,००० युरोचा विमा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः पुण्या-मुंबईला जायचं. आणि रेस मे-जूनमध्ये, म्हणजे सगळा महाराष्ट्र पोरंबाळं घेऊन स्वित्झर्लंडला निघतो त्याच सुमारास अपॉइंटमेंट मागायची.

हे सगळं का, तर घरची रेस सांभाळता आली नाही. सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडात एकदा झाली, रायडर बेझेकी जिंकला, २०२४ च्या कॅलेंडरात नाव आलं आणि गेलं. त्या एका वर्षीसुद्धा रायडर आणि टीमवाल्यांचे व्हिसा लटकवून ठेवलेले आपण. आता ते फेडतोय. मलेशियात कार्ड मशीनवर "रुपये की रिंगिट" विचारलं की माहेरच्या मायेनं रुपये दाबतो, त्यांच्या भावानं चार-पाच टक्के जादा मोजतो, आणि ऑनलाईन पैसे भरताना ओटीपीची वाट बघत उभे, कारण रोमिंग चालू करायचं राहिलंय.