४०२ मधून विसर्ग

जुलै लागला की आमच्या घरी चहाच्या आधी धरणं येतात. सासरे, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण त्यांचं पावसाळी कामकाज काही बंद पडलेलं नाही. पेपर उघडून ते खड्या आवाजात सुरू करतात, "खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर..." नवरा दाढी करता करता आतून विचारतो, "वरसगाव कसं आहे?" जसं काही वरसगाव ही माझी धाकटी नणंद असून तिला कालपासून बरं नाहीये.

पुण्यात हे घरोघरी असतं. चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), हे आमच्या इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाला का ते बघायला आम्ही सहकुटुंब जातो, कणीस खातो, "यंदा लवकर गेला" म्हणतो आणि घरी येतो. हवापाण्याच्या गप्पासुद्धा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात, मारतो. अशा घरात मागच्या महिन्यात एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'एकूण वापर : ४१ युनिट'. आणि चौघांपैकी एकालाही सांगता येईना, की ४१ युनिट पाणी म्हणजे घागरभर की विहीरभर.

आतापर्यंत ही वेळ आली नव्हती. मिळकतकराच्या बिलात पाणीपट्टीची एक ओळ असायची, ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सवलतीच्या घाईत, न वाचता भरून टाकायची. पण आम्ही राहतो सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, धायरीकडे. गर्दी नसली तर धरण स्कूटरवरून वीस मिनिटांवर, आणि तरी उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतात. टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जायचा. त्यावर दोघंच राहणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांनी सर्वसाधारण सभेत रास्त प्रश्न विचारला, "सहा माणसांच्या आंघोळी आम्ही का घालायच्या?" झालं. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसले, आणि आमचं पहिलंवहिलं बिल आलं. दोन हजार सहाशे शहात्तर रुपये.

बिलात पाच ओळी होत्या. पाणी आकार, सामाईक वापर वाटा, टँकर समायोजन, मीटर देखभाल आणि शेवटी 'मागील फरक : ०.००'. पहिल्याच बिलात मागील फरक कुठून आला, असं मी सेक्रेटरीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "आला नाहीये ना? मग कशाला विचारता?"

मी बावीस वर्षं बँकेत आहे. लोकांना चक्रवाढ व्याज समजावून सांगते. त्यामुळे घरच्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पहिली १५ युनिटं २० रुपयांनी, पुढची १० युनिटं ४५ रुपयांनी आणि त्यापुढे ८० रुपयांनी. म्हणजे तीनशे, साडेचारशे आणि बाराशे ऐंशी. पाणी आकार दोन हजार तीस. बेरीज बरोबर होती. बेरीज बरोबर असली की भांडायला काही उरत नाही, ही बँकेत शिकलेली गोष्ट. मग राहिला एकच मार्ग, मीटरच चुकीचा आहे असं म्हणणं.

मीटर जिन्यातल्या डक्टमध्ये, जुन्या झाडू आणि कोणाच्या तरी सायकलच्या मागे आहे. मी मोबाइलचा टॉर्च लावून, मान वाकडी करून आकडा वाचला आणि ओरडले, "सत्तेचाळीस हजार दोनशे पंधरा!" चिरंजीवांनी लगेच ८० नं गुणून सदतीस लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे रुपये काढले. नवरा जिन्याच्या पायरीवर बसला. अण्णांनी मात्र डोळे मिटून वेगळाच हिशोब केला. "पावणेपाच कोटी लिटर," ते म्हणाले. "म्हणजे ०.००१७ टीएमसी. एका फ्लॅटच्या मानानं जास्तच आहे."

मग त्यांनीच टॉर्च घेऊन पाहिलं. "अगं, काळे आकडे ४७. पुढचे तीन लाल आहेत, ते लिटर. काळा एक आकडा म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. तेच तुझं युनिट." मी बाजूनं पाहिलं. लाल आकडे खरोखर लाल होते. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले आहे, की बाई, पॉइंटच्या पुढचे पैसे असतात.

म्हणजे ४१ युनिटं म्हणजे ४१ हजार लिटर. चिरंजीवांनी शोधून सांगितलं, की शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चार माणसं, तीस दिवस, सोळा-सतरा युनिटं. आम्ही दुपटीच्याही वर गेलो होतो, तेही आंघोळीचा टब नसताना.

हे घरातल्या घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण सेक्रेटरीकाकांनी पार्किंगमधल्या फळ्यावर फ्लॅटवार वापराची यादी लावली. उतरत्या क्रमानं. पहिलं नाव ४०२, म्हणजे आम्ही. खाली खडूनं, वळणदार अक्षरात, 'पाणी हे जीवन आहे. ४०२ यांनी इतरांच्याही जीवनाचा विचार करावा.' आमच्या वरच्या मजल्यावर पाच माणसं आणि एक लॅब्रॅडॉर राहतो, त्यांची १४ युनिटं! लिफ्टमध्ये त्या बाईंनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि नुसतं "हं" केलं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चौकशी समिती बसली. पहिले आरोपी चिरंजीव. ते आंघोळीला गेले की आधी गाणं येतं, मग वाफ, मग काहीच नाही, आणि पंचवीस मिनिटांनी "टॉवेल!" त्यांनी उलट आरोप केला, की आजोबा गॅलरीतल्या कुंड्यांना पाइपनं पाणी घालतात. अण्णा म्हणाले, "त्याला सिंचन म्हणतात." नवऱ्यानं फिल्टरकडे बोट दाखवलं. पेलाभर पाणी शुद्ध करताना तो त्याहून जास्त मोरीत सोडतो, हे खरंच आहे. मग वॉशिंग मशीनचा विषय निघाला, म्हणजे माझा, आणि मी तो बंद केला. भांडीवाल्या मावशींवर कोणी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं तासभर पाणी येतं. मला नळ वाहता ठेवायची सवय कुठनं लागणार?" समितीनं माना खाली घातल्या.

अण्णांना या बिलाचंच वाईट वाटत होतं. त्यांच्या मते पाणी मोजायचं ते धरणाच्या भिंतीशी, घराच्या दाराशी नव्हे. "पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळानं पाणी आणलं, शहरात हौद बांधले. एका हौदाला मीटर होता का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकसष्ट साली बारा जुलैला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत होतो. घरात पुरुषभर पाणी शिरलं. बिल नाही आलं." यावर काय बोलणार? मी चहा टाकला.

चहा पिता पिता अण्णांमधला इंजिनिअर जागा झाला. "सगळे नळ बंद करा. मशीन, फिल्टर, सगळं. कोणी मोरीत जायचं नाही." आम्ही पुन्हा डक्टमध्ये. मीटरच्या तबकडीवर एक इवलंसं चक्र असतं, चांदणीसारखं. पाणी जात असेल तर ते फिरतं. सगळं बंद असताना त्यानं गप्प बसायला हवं. ते फिरत होतं. सावकाश, निवांत, कोणाचं काही देणं लागत नसल्यासारखं.

मग सुरू झाला शोध. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, त्याच्याखाली अण्णांनी लिटरचा तांब्या ठेवला. तो भरायला तास लागला. दिवसाला २४ लिटर, महिन्याला पाऊण युनिटही नाही. "हा भुरटा आहे," अण्णा म्हणाले, "दरोडेखोर वेगळा." आणि मला म्हणाले, "हळद आण."

"औक्षण करायचंय?"

"फ्लशच्या टाकीत टाकायची आहे."

टाकीचं झाकण काढून मी दोन चमचे सांगलीची हळद आत टाकली. हे करताना मला आईची फार आठवण झाली आणि ती हे बघायला इथे नाही याचं बरं वाटलं. अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. टाकीच्या तळातली झडप नीट बसत नसेल तर रंग आपोआप खाली उतरतो. या अर्ध्या तासातच नेमकं चिरंजीवांना जायची घाई झाली, त्यांना शेजारी पाठवलं, आणि शेजारच्यांनी आधी विचारलं म्हणे, "तुमच्याकडचं पाणी संपलं का?"

अर्ध्या तासानं आम्ही चौघं दाटीवाटीनं आत वाकून उभे. भांड्याच्या पांढऱ्या कडेवरून एक पिवळा ओघळ अलगद खाली येत होता. आवाज नाही, बोभाटा नाही. महिनाभर, दिवसरात्र, आमच्या झोपेत हेच चालू होतं. (पुढचे चार दिवस आमचं कमोड हळदीच्या नवरदेवासारखं दिसत होतं. घासून निघत नाही, हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

प्लंबरदादा तिसऱ्या दिवशी आले. पहिल्या दिवशी 'निघालोय' होते, दुसऱ्या दिवशी 'वडगाव पुलाखाली अडकलोय'. रबराची झडप बदलायला त्यांना सात मिनिटं लागली, झडपेचे आणि मजुरीचे मिळून साडेचारशे रुपये. चक्र थांबलं. त्या रात्री मी दोनदा उठून डक्टमध्ये जाऊन ते थांबलेलं बघून आले.

राहता राहिलं पैसे भरणं. सोसायटीचं अ‍ॅप आहे. त्यात रक्कम टाकायची, 'कशासाठी' निवडायचं, पिन टाकायचा. मी बसमध्ये होते, स्वारगेट आलं होतं. घाईत पिन टाकला, पैसे गेले, हिरवी टिकली आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन याद्या. पाण्याच्या यादीत ४०२ अजून वरतीच, पुढे 'थकबाकी' असं लाल खडूनं. शेजारी नवी यादी, गणेशोत्सव वर्गणी. त्यातही पहिलं नाव ४०२, रुपये २६७६. 'कशासाठी'च्या यादीत सगळ्यात वर वर्गणी होती आणि ती आपोआप निवडली गेली होती.

मी सेक्रेटरीकाकांकडे गेले. "काका, चुकून गेले. ते पाण्याकडे वळवा ना."

"वर्गणी वळवता येत नाही, ताई. देवाचे पैसे आहेत. आणि पावती फाडून झाली."

"अहो, शहात्तर रुपये सुटे कोण वर्गणी देतं? त्यावरूनच कळतं की!"

"मला वाटलं तुमच्यात तशी पद्धत असेल."

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई मात्र त्या दिवशी हसून बोलल्या.

अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते वहीत आकडेमोड करत होते. नेहमीची १९ युनिटं धरली तर २२ युनिटं गळतीची. बावीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर सोसायटीनं मागवले आणि आम्ही झडपेतून सोडून दिले. त्याला तीस दिवसांनी भागून, सेकंदावर आणून, घनफुटात बसवून त्यांनी एक आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग शर्ट चढवून, खिशात खडू घालून ते खाली गेले.

सकाळी ऑफिसला निघताना मी फळा पाहिला. आमच्या नावापुढे अण्णांच्या शासकीय अक्षरात होतं, '४०२ मधून सुरू असलेला ०.०००३ क्युसेकचा विसर्ग काल सायंकाळी सहा वाजता पूर्णपणे बंद करण्यात आला आहे. खालच्या मजल्यांवरील नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'

त्याच्याखाली, वळणदार अक्षरात, उत्तर आलं होतं. 'नोंद घेतली. थकबाकीचा विसर्ग कधी?'