पुतणीच्या नडगीतला तडा

आज सकाळी ताराराणी चौकात एका परिचित गृहस्थांनी पुतणीची चौकशी केली आणि ती अजून लंगडते हे कळताच म्हणाले, "मी सांगतच होतो, पोरींचं अंग लष्करासाठी नसतंच." समोर घोड्यावर स्वार ताराबाईंचा पुतळा होता, आणि तरीही हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघाले.

तो तडा कसा गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. महिला लष्करी पोलीस भरतीसाठी ती ज्या खाजगी अकादमीत जात होती, तिथे पहिल्याच आठवड्यापासून मुलींना मुलांच्या मागे, त्यांच्याच वेगाने, डांबरी रस्त्यावर पळवले गेले. बूटही मुलांचेच, टाच सुटते म्हणून ती आत कापडाची घडी कोंबत असे. नडगी दुखते म्हटल्यावर "मग घरी बस" हे उत्तर मिळाले. डॉक्टरांनी नडगीवर नुसते बोट दाबले तेव्हा ती किंचाळली. हिमोग्लोबिन नऊ होते आणि ते तोवर कोणीही तपासले नव्हते.

स्त्रीचे हाड सरासरीने बारीक असते, दंड-खांद्यांचे बळ कमी असते, रक्तातले हिमोग्लोबिन कमी असते, आणि लष्करी प्रशिक्षणात असे तडे स्त्रियांना अधिक जातात. हे ठाऊक असूनही भार हळूहळू न वाढवणे हा शरीराचा दोष कसा? सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये असाच अन्याय ओळखला: लष्करात कायम नियुक्तीसाठी पुरुष अधिकाऱ्यांना सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लावलेली वैद्यकीय कसोटी स्त्रियांना मात्र चाळिशी उलटल्यावर लावली जात होती.

जखमी जवानाचे वजन उचलणारा कोण आहे हे पाहून कमी होत नाही, तेव्हा त्या कामाची कसोटी सैल करू नये, हे मला मान्य करावे लागते. पण कसोटीला उतरण्याची तयारी तरी नीट करून घ्याल की नाही? कॅप्टन शिवा चौहान 2023 मध्ये सियाचीनच्या कुमार पोस्टवर रुजू झाल्या, त्या आधी बर्फाच्या भिंती चढण्यासकट खडतर प्रशिक्षण घेऊनच.

लिहिता लिहिता राग ओसरला. पुतणी दारात बसून नव्या बुटांच्या नाड्या ओवते आहे. हे बूट तिच्याच पायाचे माप देऊन घेतले आहेत. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारपासून फक्त चालायला परवानगी दिली आहे. मैदानावर पहाटे तिच्याबरोबर मी जाणार आहे.